फुसका तारा आणि आमच्या गल्लीची डीपी

आमच्या घरात कोण कधी रडलं हे कुणाला कळायचं नाही, कारण सगळ्यांचेच डोळे बारा महिने लाल. धर्माबादला मिरचीचा बाजार मोठा. बाबा मोंढ्यात, म्हणजे त्या घाऊक बाजारात, हमाल, दिवसभर मिरचीची पोती पाठीवर. माय देठ खुडायला जायची. संध्याकाळी ती दारात आली की तिच्या पदरातून मिरचीची धूळ उडायची आणि आम्ही तिघं भावंडं ओळीनं शिंकायचो. माय आल्याची वर्दी अशी मिळायची. जेवणात मिरची भरपूर, बाकी सगळं बेतानं. पत्र्याची एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यासमोर घरातला एकुलता एक बल्ब. बाबा म्हणायचे, "हा बल्ब घरासाठी नाही. खाली जो अभ्यासाला बसंल त्याच्यासाठी हाय." त्या बल्बची वीज कुठून यायची हे आम्ही तेव्हा विचारलं नाही. ते पुढं येईलच.

दोन्ही भाऊ मोंढ्यात लागले. मी शिकत राहिले. दर निकालाला घरात कुणीतरी म्हणायचं, "आता एवढी झाली की बास." पण मी पास व्हायचे, त्यामुळं बास म्हणायची सोय राहायची नाही. नांदेडला बी.एस्सी., तिथंच एम.एस्सी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. पुढं लातूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले आणि नोकरी करता करता नांदेडला सय्यद सरांकडं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय होता फुटणारे तारे. त्यातही नेहमीसारखे न फुटणारे.

बाहेरच्या माणसाला हा धंदा काय आहे ते आधी सांगते. तारा म्हणजे जळणारा गोळा. काही तारे आयुष्याच्या शेवटी असे फुटतात की आठवडाभर अख्ख्या दीर्घिकेच्या बरोबरीनं उजेड पाडतात. त्याला सुपरनोव्हा म्हणतात. आपण तिथं जाऊ शकत नाही, तुकडा उचलून आणू शकत नाही. आपल्यापर्यंत येतो तो फक्त उजेड, तोही इतका दुरून की तो निघाला तेव्हा इथं डायनासोर चरत होते. मग आम्ही काय करतो, तर तो उजेड पिंजतो. पिंजारी जसा कापूस मोकळा करतो तसा उजेडाचा एकेक रंग वेगळा करून पसरतो. त्या पसरलेल्या पट्ट्याला वर्णपट म्हणतात. लोखंड असो, सिलिकॉन असो, हायड्रोजन असो, प्रत्येक जण त्या पट्ट्यात आपापल्या ठरलेल्या जागी उजेड खातो. कुठं उजेड कमी पडला ते पाहायचं आणि आत कोण बसलंय ते ओळखायचं. त्या जागा निळ्याकडं किती सरकल्या यावरून फुटलेला माल किती वेगानं उडाला तेही कळतं.

यातला एक प्रकार असा: एक म्हातारा, छोटा, गच्च दाबलेला तारा असतो. त्याच्या शेजारी दुसरा तारा. शेजारचा आपला माल याच्यावर ओतत राहतो. हा घेत राहतो, घेत राहतो, आणि एका वजनाला धडाम. हा झाला नेहमीचा बार. पण क्वचित एखादा तारा नीट फुटतच नाही. उजेड थोडा, वेग निम्मा, सिलिकॉनची खूण पुसट. दिवाळीत आपण सुतळी बॉम्बला बत्ती देतो, कानात बोटं घालून लांब पळतो आणि तो नुसता 'फुस्स' करतो, तसं. काही जणांचं म्हणणं असं की असा तारा फुटूनही पुरता मरत नाही, आत थोडा शिल्लक राहतो. यांना इंग्रजीत भारदस्त नावं आहेत. आमच्या विभागात सय्यद सरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'फुसके'.

सय्यद सर नांदेडच्या जुन्या घरातले. भावाचं घड्याळाचं दुकान, यांचं आकाशाचं. ते मला म्हणायचे, "मॅडम, बड्या स्फोटाच्या मागं सारी दुनिया लागलेली हाय. आपण फुसक्यांच्या मागं लागू. गर्दी कमी आसती."

एकदा लातूरला एक ज्योतिषीबुवा मला भेटायला स्टाफरूममध्ये आले. कुठंतरी माझं व्याख्यान झालं होतं, त्याची बातमी वाचून आले होते. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एवढा तारा फुटला म्हणता, मग तो कोणत्या राशीला जड जाईल?"

मी म्हटलं, "बुवा, तो फुटून कोट्यवधी वर्षं झाली. जड जायचा तो डायनासोरांना गेला."

बुवा गंभीर झाले. "तरीच," म्हणाले, "सगळे गेले."

पण मला खरा ताप दिला तो एका शब्दानं, आणि तो शब्द माझाच होता.

पीएच.डी.ला नाव घातल्यावर बाबांनी विचारलं होतं, "कशाचा आभ्यास म्हणं?" मी नवी नवी शिकलेली. सरळ 'चांदण्या' म्हणायचं सोडून पुस्तकातला शब्द काढला: "तारा फुटतो ना बाबा, त्याचा." आता आमच्याकडं आकाशात चांदण्या असतात. तारा असतात त्या फक्त खांबावर. त्यात मोंढ्याच्या बोलीत 'ताऱ्यांवर'मधला 'ऱ्या' जिभेवरून कधीच गळून पडलेला. बाबांनी दुसऱ्या दिवशी मोंढ्यात सांगितलं, "माझी विमल तारांवर काम करती. तारा कामून फुटतात, ते शोधून राहिली."

झालं. धर्माबादेत मी वीज खात्यात लागले.

सुट्टीला घरी गेले की पाणी प्यायच्या आत गिऱ्हाइकं हजर. कुणाचं बिल जास्त आलेलं, कुणाचं मीटर उलटं पळणारं. एक आजी मिक्सर घेऊन आल्या, "बघ गं बाई, तुझ्याच खात्याचं हाय." मी सांगायचे, "आजी, मी वरच्या ताऱ्यांवर काम करते." आजी म्हणायच्या, "हां, वरच्या म्हंजी मोठ्या लाइनीच्या. मग तर हे बारकंच काम हाय तुला."

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा नायगावकडचे पाहुणे आले. मुलगा गप्प, त्याचा मामा बोलणारा. चहा झाला तसा मामानं घसा साफ केला. "बाकी सगळं पसंत हाय आमाला. फक्त येक इचारायचं व्हतं. लग्नानंतर बी खांबावर चढावं लागंल का?"

आत माय कपाळाला हात लावून बसली. मी खरं काय ते समजावून सांगितलं. वर्णपट, दीर्घिका, दुर्बीण, सगळं. मामानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाकडं वळून म्हणाला, "म्हंजी शेतातल्या कनेक्शनचं आपलं काय काम होत नाही." पुढच्या वेळी ते आलेच नाहीत. नंतर माझं लग्न झालं ते एका भूगोलाच्या मास्तरांशी. त्यांना निदान आकाश कुठं असतं ते माहीत होतं.

बाबांना मी कितीदा सांगितलं, "बाबा, लोकांना नीट सांगा ना." ते म्हणायचे, "सांगतो की." आणि मोंढ्यात जाऊन पुन्हा तेच.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला बसले तो दिवस.

मी चाळिशीला टेकले होते आणि पीएच.डी. अडकली होती. माझ्याकडं फुसके तारे होते, पण सगळे उशिरा सापडलेले. तारा फुटल्या फुटल्या पहिल्या काही दिवसांत त्याचा वर्णपट घेतला तरच तो फुसका आहे की साधाच मंद आहे हे ठामपणे सांगता येतं. कमिटीनं स्पष्ट सांगितलं होतं, एक तरी लवकरचा वर्णपट आणा, नाहीतर प्रबंध उभा राहत नाही. नोंदणीची मुदतही संपत आली होती. थोडक्यात, एक ताजा फुसका मिळाला तर मी डॉक्टर, नाही तर इतकी वर्षं पाण्यात.

मे महिना. मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून मी धर्माबादला. माय काळा चष्मा लावून कूलरसमोर बसून असायची आणि दिसत नसलं तरी घरातल्या प्रत्येक गोष्टीवर शेरा मारायची. आदल्या संध्याकाळी वावधान सुटलं, पत्रे उडाले, बाभळी पडल्या आणि आमच्या गल्लीची डीपी मोठा आवाज करून गेली. डीपी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी खांबावर असतो तो ट्रान्सफॉर्मर आणि त्याखालची फ्यूजची पेटी. ती गेली की गल्लीत कूलर नाही, पंखा नाही, पाण्याची मोटर नाही. माझ्या लॅपटॉपची बॅटरी आधीच म्हातारी. रात्रीतच तिनं मान टाकली.

दुपारी सय्यद सरांचा फोन. ते लातूरला पेपर तपासायला बसले होते, चहाच्या सुट्टीत बोलत होते.

"मॅडम, सापडला! ताजा हाय, दोन दिवसाचासुद्धा नसंल. उजेड कंजूस. मला तर आपलाच वाटून राहिला."

"सर, दुर्बीण?"

"आज रातचीच अर्धी रात आपल्या नावावर हाय. पण त्यांना पाचच्या आत नकाशा पायजे. त्याच्या बाजूला एक दुसरा तेज तारा हाय. नकाशा नसंल तर ते त्यालाच पकडतील आन् आपल्याला दुसऱ्याचाच वर्णपट पाठवतील. जुन्या फोटोंची फाइल कुणाकडं हाय?"

फाइल माझ्या लॅपटॉपवर होती. दुर्बीण उत्तरेला बर्फाच्या डोंगरावर, लॅपटॉप धर्माबादला, आणि मध्ये आमच्या गल्लीची डीपी. नेटकॅफेसुद्धा त्याच लाइनीवर, त्याचं शटर खाली, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांतही लाइट नाही. नांदेडची रेल्वे निघून गेलेली. बसनं पोचेपर्यंत पाच टळले असते.

"सर, लाइट नाही."

सरांनी पलीकडं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, ताऱ्याला फुरसत नसती. काय बी करा."

मी चप्पल घातली. बाबा पारावर बसले होते, ते उठून बरोबर आले. काय झालं ते मी वाटेत सांगितलं. बाबा फक्त म्हणाले, "नागोराव डीपीपाशीच हाय. चल."

नागोराव म्हणजे आमच्या भागाचा वायरमन. खांबाखाली लिंबाच्या सावलीत टॉवेल डोक्यावर टाकून बसला होता. आजूबाजूला गल्लीतली निम्मी माणसं. त्याच्याकडं आणखी डीपी पडून होत्या, आणि पहिली कोणती करायची यावर भांडण चाललं होतं. बाबा गर्दीत शिरले आणि छाती काढून म्हणाले, "नागोराव, ही माझी विमल. तारांवरची."

नागोराव ताडकन उभा राहिला. टॉवेल खांद्यावर घेतला. "म्याडम! लई दिवसापासून नाव आयकून होतो. बरं झालं तुमी आल्या. आता ह्या लोकास्नी तुमीच सांगा. तारा कशानं फुटतात? तुमचा आभ्यास काय म्हणतो?"

आता याला काय सांगायचं? मी म्हटलं, खरं तेच सांगू.

"शेजारचा त्याच्यावर माल टाकत राहतो," मी म्हणाले. "हा घेत राहतो. झेपेल तितकं घेतो आणि मग एकदम फुटतो."

नागोरावनं टाळी वाजवली. "बराबर! शेजारचे आकडे टाकतात, लोड वाढतो, आन् बोंब माझ्या नावानं! हेच मी सायबाला किती दिवसापासून सांगून राहिलो! आन् काय म्हणतो आभ्यास?"

"काही काही पुरते फुटत नाहीत. अर्धवट फुटतात. आत थोडं शिल्लक राहतं."

"हाव! जम्पर जळतो आन् तार लटकत राहती. तीच डेंजर. कुणाला कळत नाही जिती हाय का मेली." तो लोकांकडं वळला. "आयका रे. म्याडमचं मराठी जरा पुस्तकी हाय, तार फुटला म्हणतात. पण ग्यान पक्कं हाय."

मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. माझ्या आणि खोटेपणाच्या मध्ये फक्त व्याकरण उभं होतं.

मग नागोरावनं झूला म्हणजे कंबरेचा पट्टा काढला आणि अदबीनं माझ्यापुढं धरला. "म्याडम, तुमी चढता का म्या चढू?"

सगळ्यांच्या माना आधी खांबाच्या टोकाकडं गेल्या, मग माझ्या साडीकडं. इतकी वर्षं ज्या गोष्टीची नुसती चर्चा झाली होती ती आज समोर घडणार होती. मिक्सरवाल्या आजी पुढं येऊन उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "सरका रे, बाईला जागा द्या."

आता विजेच्या तारेशी थट्टा चालत नाही. मी म्हटलं, "नागोराव भाऊ, मी चढत नाही. मी वीज खात्यात नाही. माझे तारे ह्या खांबावर नाहीत, आणखी वर आहेत."

तो वर बघायला लागला. "वर कुठं?"

"चांदण्या. मी चांदण्यांचा अभ्यास करते."

नागोरावनं एकदा आकाशाकडं, एकदा हातातल्या पट्ट्याकडं पाहिलं. मग मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि ते हसू गल्लीभर पसरलं. बाबांनी मान खाली घातली. आजी म्हणाल्या, "तरी म्या म्हणलं, मिक्सर कामून झाला नाही."

नागोराव मात्र हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. पट्टा पुन्हा कंबरेला बांधत म्हणाला, "मग बाई, ह्या उन्हात हितं कशाला आल्या?"

मी सांगितलं. एक चांदणी आत्ताच फुटली आहे, दोन-चार दिवसांत तिचा पहिला उजेड जाईल. आज संध्याकाळच्या आत कागद पाठवला नाही तर माझी सगळी मेहनत गेली. मला अर्धा तास वीज हवी आहे.

नागोरावनं हात थांबवला. "लाइट जाऊन राहिली म्हणता?"

"हो."

"कुणाची?"

"चांदणीची."

"मग हे आधी सांगायचं ना, बाई," तो म्हणाला. "लाइट जाणं हे आमच्याच खात्याचं काम हाय."

त्यानं सबस्टेशनला फोन लावला आणि परमिट मागितलं. परमिट म्हणजे, लाइन बंद आहे, कुणी चालू करू नका, माझा माणूस वर आहे, असा शब्द. तो मिळाल्याशिवाय शहाणा वायरमन खांबाला हात लावत नाही. पलीकडचा काहीतरी विचारत होता. नागोराव ओरडला, "अर्जंट हाय! वरच्या लाइनीचं काम हाय!" आणि सरसर चढला.

वरून त्यानं हुकूम सोडला: "फ्यूज टाकतो, पण डीपी लंगडी हाय. अर्धा तास कुणी कूलर लावायचा नाही, मोटर लावायची नाही. आन् ज्यांचे ज्यांचे आकडे हायत त्यांनी काढा. न्हाई तर पुन्हा फुटंल आन् मंग म्या काय ब्रह्मदेव न्हाई!"

आकडा म्हणजे उघड्या तारेवर वायर अडकवून घेतलेली फुकटची वीज. गल्लीत कुणाकडंच आकडा नव्हता. प्रत्येक जण तसं शपथेवर सांगत होता आणि दुसऱ्याच्या घराकडं बघत होता. तेव्हा बाबा घराकडं गेले, बांबू घेतला आणि सगळ्यांच्या देखत आमच्या पत्र्यावरचा आकडा काढला. आमच्याकडं मीटर कधीच आलं होतं, पण कूलर अजून जुन्याच सोयीवर होता. लहानपणीचा तो बल्ब कशावर जळत होता ते मला त्या दिवशी कळलं. माझा सगळा अभ्यास शेजारून ओढलेल्या उजेडावर झाला होता.

बाबांनी काढला म्हटल्यावर गल्लीत बांबू निघाले. ज्यांच्याकडं आकडा नव्हता त्यांनीही काढला.

राहिली कांडप गिरणी. गल्लीच्या टोकाला राजन्ना शेठचं मिरची कांडप, भली मोठी मोटर. लाइट येणार म्हटल्याबरोबर ते बटणावर हात ठेवून बसले होते. तेलंगणातून येऊन तीन पिढ्या झाल्या तरी रागात त्यांची तेलुगू बाहेर यायची. "एम् अय्या! गिऱ्हाइकं रांगेत हायत. त्या चांदणीनं माझं काय भलं होणार?"

बाबा म्हणाले, "शेठ, तुमची पोती माझ्या पाठीवर किती वर्षं हायत? आज अर्धा तास माझ्या पोरीचं वझं तुमच्या मोटरीवर ठेवा."

शेठनं तोंड उघडलं, पण बोलण्याच्या आधी शिंक आली, मग दुसरी, मग तिसरी. बाबा सावकाश म्हणाले, "हाव म्हणाले शेठ," आणि बटणापुढं स्टूल टाकून स्वतः बसले.

लाइट आली. मी घरात लॅपटॉप जोडला. त्याला जागं व्हायलाही मानपान लागायचा. माय काळ्या चष्म्यातून माझ्याकडं तोंड करून, घामानं निथळत, बंद कूलरसमोर बसलेली. "कूलर कामून बंद हाय?"

"माय, चांदणीसाठी."

"कोण चांदणी? कुणाची पोरगी?"

मी जुना फोटो काढला, नव्या जागेवर बाण केला, शेजारच्या तेज ताऱ्यावर 'हा नव्हे' असं लिहिलं, दिशा मोजून घातली. नेटचं डोंगल खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलं, कारण रेंज तिथंच येत असे. फाइल निघाली. मुंगीच्या चालीनं. दारात गल्ली जमली होती. निळी पट्टी किती भरली हे आजी बाहेरच्यांना ओरडून सांगत होत्या: "निम्मी झाली! थांबली! पुन्हा चालली!" उघड्या दारातून समोरच्या खांबावर बसलेला नागोराव दिसत होता. फ्यूज गेला तर लगेच टाकायचा म्हणून, परमिट परत देऊन लाइन चालू करवली तरी, तारांपासून हातभर खाली तो तिथंच बसला होता. म्हणजे आकाशाच्या सगळ्यात जवळ त्या दिवशी तोच होता.

पट्टी भरली. 'पाठवले' असं आलं. मी ओरडले, "गेलं!" आजींनी ते बाहेर सांगितलं, बाहेरच्यांनी गिरणीपर्यंत पोचवलं, शेठनं बाबांना स्टुलासकट बाजूला सारून बटण दाबलं आणि डीपी पुन्हा मोठा आवाज करून गेली. ह्या वेळी मात्र कुणी शिव्या दिल्या नाहीत.

मी बाबांना आणायला गिरणीवर गेले; परत येताना ते माझ्यापुढं चालत होते. मी म्हटलं, "बाबा, आज तुमची पंचाईत झाली. लोक हसले."

"मग? हसू दे."

"पण तुम्हाला कधी कळलंच नाही का, मी काय करते ते?"

बाबा थांबले. "मला कळत न्हवतं व्हय? तू सांगितलं त्याच दिवशी कळलं व्हतं. चांदण्याच ना? पण मोंढ्यात जाऊन म्हणलं आसतं, माझी पोरगी चांदण्या मोजती, तर म्हणले आसते, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. तारांवर काम करती म्हणलं की खुर्ची देत व्हते, च्या पाजत व्हते. तुझ्या नावावर लई च्या पेलो म्या."

माझ्या पीएच.डी.चा पहिला फायदा बाबांनी घेतला होता, तोही पीएच.डी.च्या आधी.

दोन दिवसांनी मी नांदेडला विभागात गेले. वर्णपट आला होता. सर आणि मी एकाच स्टुलावर अर्धे-अर्धे बसून पडद्याकडं बघत होतो. सिलिकॉनची खूण शोधून शोधून दिसावी इतकी पुसट. लोखंडाच्या खुणा मात्र ठळक. सरांनी खुणा किती सरकल्यात ते मोजलं, मग मी मोजलं, मग दोघांनी अदलाबदल करून मोजलं. वेग नेहमीच्या निम्मासुद्धा नव्हता.

सर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "मॅडम," म्हणाले, "मुबारक हो. ये तो एकदम अस्सल फुसका निकला!"

तो वर्णपट छापून मी धर्माबादला नेला. बाबांनी ती वरखाली जाणारी रेघ बराच वेळ पाहिली. "हा तर ह्या सालचा मिरचीचा भाव हाय," म्हणाले. मायनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याच्यासाठी मला उकाड्यात बसवलं व्हतं?"

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर मी नागोरावचं नाव घातलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक ते पान काढून म्हणाले, "हे नागोराव कोणत्या संस्थेतले?" मी बोलायच्या आत सय्यद सर म्हणाले, "सर, ते फील्डवर असतात. उंचावरच्या निरीक्षणाचं काम त्यांच्याकडं." परीक्षकांनी मान डोलावली आणि पान उलटलं.

नागोरावनं आपल्या परीनं माझ्या संशोधनाचा उपयोग केला. त्यानं वर रिपोर्ट दिला की विद्यापीठाच्या मॅडमनी स्वतः येऊन पाहणी केली आहे आणि शेजारच्या लोडमुळं तारा फुटतात असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यावर वर काय चक्रं फिरली मला माहीत नाही, पण पावसाळ्याआधी आमच्या गल्लीत नवी, मोठी डीपी बसली. गल्लीनं खरं काय ते कानांनी ऐकलं होतं, माझी फाइल जाताना डोळ्यांनी पाहिली होती. तरी आजही तिथं विचारा, ही डीपी कुणी आणली? सांगतील, "हमालाच्या विमलनं. तारांवर हाय ती."

मी आता तो गैरसमज दुरुस्त करत नाही. बाबा गेले. त्यांना एकदा दुर्बिणीतून एखादी चांदणी दाखवायची राहून गेली, त्याची चुटपुट आहे. मोंढ्यात मला अजून खुर्ची देतात, चहा देतात. मी पिते.

फुटून पुरता न मेलेल्या त्या ताऱ्याचा पहिला वर्णपट आमचा आहे, आणि त्याच्या लेखावर पहिलं नाव माझं आहे. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, पहिली डॉक्टरेटही माझी. कूलर आता मीटरवर आहे.